सातेरीची रिकामी पेटी

डोंबिवली पूर्व
६ सप्टेंबर २०२४

ती. अण्णा यांस,
वासंतीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तू लावत नाहीस, म्हणून हा कागद. गच्चीवरच्या दोन्ही पेट्या ओस पडल्या रे. हे गेल्यावर त्यांच्या सातेरी मधमाश्या मी जिवापाड सांभाळल्या, आणि आता आत किड्यांची जाळी तेवढी उरली.

ज्यांच्याकडे शिकले त्या मधुपाळ बाईंना विचारलं. कारण एकच नसतं म्हणाल्या. शेजारच्या प्लॉटवरचे शेवगे तोडले, डासांची फवारणी भर सकाळी झाली, आणि त्यात आमची अक्कल! पावसाळ्यात फुलं नसली की माश्यांना साखरेचा पाक देतात. साखर वाईट म्हणून मी चांगला सेंद्रिय गूळ आणून त्याचा दिला. गुळाने त्यांचं पोट बिघडतं म्हणे.

आता पेट्या भंगारात घालते. माझ्याच्याने पुन्हा होणार नाही. वहिनींना नमस्कार. राग आला तरी लोभ सोडू नकोस.

तुझी,
वासंती

घोडबंदर रोड, ठाणे
१४ सप्टेंबर

चि. वासंतीस अनेक आशीर्वाद.

गुळाचं वाचून मी हसलो, तर तुझ्या वहिनीने डोळे वटारले. अगं, लहानपणी तू आजारी मांजराला सुंठवडा चारला होतास! पण पेट्या देऊ नकोस. आमच्या मीटरच्या खोलीत सातेरीच बसल्यात. कमिटीने औषध मारायला माणूस बोलावला, म्हणून मी दारातच खुर्ची टाकून बसलो. चावल्या तर जबाबदार कोण, असं चेअरमन विचारत होते. मी म्हटलं, मी.

नात श्रियाने तुझ्या बाईंशी बोलून ठेवलंय. पुढच्या शनिवारी, २१ तारखेला संध्याकाळी त्या पोळं काढतील. तू एक पेटी धुऊन, वाळवून त्यांच्याकडे दे. नव्या जागी माश्या टिकतील की उडून जातील, हे मात्र बाईही सांगू शकत नाहीत. प्रकृतीला जप, आणि म्हाताऱ्यावर माया असू दे.

तुझा,
अण्णा

डोंबिवली पूर्व
२९ सप्टेंबर

ती. अण्णा यांस,
वासंतीचा सा. न. वि. वि.

झुरळाला घाबरणारा माझा भाऊ माश्यांची पेटी मांडीवर घेऊन माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये बसला! हात सुजल्याचं श्रियाने नंतर सांगितलं. तू तो खिशात लपवून माझ्याकडे चहा प्यालास. तुझे उपकार कसे फेडू रे? तुझी गोष्ट ऐकून आमच्या सोसायटीने डासांची फवारणी उन्हं कलल्यावर करायचं कबूल केलंय.

माश्या उडून जाऊ नयेत म्हणून राणीला आत अडवणारी दारावरची जाळी बाईंनी काल काढली. आज सकाळी पेटीतून नुसता घोंगाट उठला आणि ढगच्या ढग बाहेर पडला. मी पूजा अर्धी टाकून गच्चीवर धावले. गेल्या, असं वाटून रडूच फुटलं. मग तिथेच बसून राहिले. उन्हं चढली तशा एकेक परतू लागल्या, पायांना पिवळे पराग चिकटलेल्या.

हे गेल्यापासून जिन्याकडे कान लावून बसणं मी सोडून दिलं होतं. आज कितीतरी दिवसांनी कुणाची तरी वाट पाहिली, आणि अण्णा, सगळ्या घरी आल्या.

तुझ्या मायेत अशीच राहू दे.

तुझी,
वासंती