क्साय, आणि फक्त क्साय

३ जुलै
निर्धार. यंदा फळ्यावर क्साय एका दमात काढणार, खडू न उचलता. ग्रीक लिपीतलं सगळ्यात देखणं अक्षर. वर शेंडी, मध्ये दोन वळसे, खाली शेपूट. ξ. वहीत बघा कसं सुरेख आलं. फळ्यावर हात आखडतो, कारण फळा निकृष्ट आहे.

शेजारच्या वर्गातल्या नव्या मॅडम क्सायच्या जागी चक्क c लिहितात, असं कळलं. लिहू देत.

५ जुलै
प्राचार्यांचं नवं खूळ. गणिताला दोन तुकड्या, माझी आणि मॅडमची. मुलांनी महिनाअखेरपर्यंत हवी ती निवडायची. ज्याची रिकामी पडेल त्यानं शिकवणं सोडून टाइमटेबल बनवत बसायचं. बिचाऱ्या मॅडम. नोकरीची सुरुवात आणि हे असं. त्यांना धीर द्यायला हवा.

८ जुलै, सकाळी
क्सायच्या उगमावर वाचन. ग्रीकांनी हे अक्षर फिनिशियन लोकांकडून उचललं. तिकडे त्याचं नाव सामेख. कुणी म्हणतं त्याचा अर्थ खांब, कुणी म्हणतं माशाचा काटा. विद्वानांचं जमत नाही. मी खांबाच्या बाजूचा.

सरावासाठी स्वयंपाकघराच्या दारावर खडूनं एक क्साय काढला. ही आत आली आणि आधी चप्पल शोधायला लागली. हिला अक्षरांची जाण कमीच.

१२ जुलै
आज मीन व्हॅल्यू थिअरम. गोष्ट सोपी आहे. गाडी सरासरी ताशी साठच्या वेगानं गेली, तर वाटेत निदान एकदा तरी काटा नेमका साठावर असणारच. तो क्षण म्हणजे क्साय. आणि ग्रीक आकड्यांत क्साय म्हणजे साठच. अंगावर काटा आला. माझ्या. मुलं खाली बघत होती.

तिथून विषय वाढत गेला. क्साय नावाचे कण, क्साय नावाचं फंक्शन, संख्याशास्त्रातला क्साय. प्रमेयाची सिद्धता राहून गेली, पण पाया पक्का झाला. फळ्यावरचा क्साय मात्र तिसऱ्या प्रयत्नातही घसरला. मागच्या बाकावर दोघं गांडुळाबद्दल काहीतरी कुजबुजत होते. जीवशास्त्राची गोडी लागतेय, चांगलं आहे.

वर्ग थोडा विरळ. हवा खेळती राहते.

१५ जुलै
आमची कन्या माझ्याच तुकडीत आहे. जेवताना सहज म्हणाली की बाबा, मुलं तुम्हाला गांडूळ सर म्हणतात. हिनं ताटातून मान वर केली नाही. खांदे मात्र हलत होते.

हरकत नाही. गांडुळामुळे जमीन सुपीक होते. कन्येला तसं सांगितलं. ती म्हणाली की हो बाबा, पण सिद्धता कधी घेणार?

१९ जुलै
प्राचार्यांनी बोलावलं. म्हणाले, सर, c लिहून टाका ना, तुमचं काय जातंय? मी सांगितलं, c म्हणजे अर्धवट सोडलेलं शून्य, माझ्या हातून व्हायचं नाही. त्यांनी चहासुद्धा विचारला नाही. ताठ मानेनं बाहेर आलो.

येताना मॅडमच्या वर्गात डोकावलो. मुलं खिडकीच्या कट्ट्यावर बसलेली. बाकांचं नियोजनच नाही. माझ्याकडे बाकच बाक आहेत, पण कुणी मागेल तर ना.

२६ जुलै
वर्गात पाच जण. निवडक मंडळी. अशांना शिकवण्यात मजा असते. दोघं झोपले होते, पण शांतपणे.

मॅडम स्टाफरूममध्ये भेटल्या. धीर देणार होतो, तर त्याच म्हणाल्या की सर, काळजी करू नका. मला कसली काळजी?

३१ जुलै, दुपारी
वर्गात एकच विद्यार्थिनी. पहिल्या बाकावर, वही उघडून. रक्ताचं नातं शेवटी कामी येतं. ऊर भरून आला.

म्हटलं, आज सिद्धता. खडू घेतला आणि क्साय एका दमात आला. शेंडी, दोन वळसे, शेपूट. छापल्यासारखा. कन्येनं तो वहीत उतरवून घेतला.

मग हात वर केला. घरी बाबा म्हणते, वर्गात सर. म्हणाली की सर, मी जाऊ का? पलीकडे मॅडम सिद्धता सुरू करतायत, मैत्रिणीनं जागा धरून ठेवलीय. मी म्हटलं, अगं, मग इतके दिवस थांबलीस ती कशाला? तर म्हणाली की आईनं सांगितलं होतं, महिनाभर तरी बस, त्यांना वाईट वाटेल. आज महिना संपला.

जा म्हटलं. वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू.

दार लोटून तिच्या बाकावर बसलो. भिंतीपलीकडून मॅडमचा आवाज स्पष्ट येत होता. त्यांनीही गाडीचंच उदाहरण घेतलं, आणि तिथून पाच मिनिटांत सिद्धता पूर्ण. कुणीतरी शंका विचारली, तीही सोडवली. मी शेवटपर्यंत ऐकलं. चांगलं शिकवतात.

उद्यापासून टाइमटेबल माझ्याकडे. तुकड्यांना ए, बी म्हणण्याऐवजी ग्रीक अक्षरं देता येतील का, प्राचार्यांना विचारणार आहे. आता एकच तुकडी आहे म्हणा.