काढून ठेवलेला जेट

दादा,

तुम्ही दोघं गाडीने डोंगर चढून वर पोचल्यावर बाबांनी मला फोन केला. म्हणाले, "गाडी एकदाही गुदमरली नाही. दादाचा हात बसलाय तिच्यावर." मी नुसतं "हो का" म्हटलं.

तुझा हात स्टिअरिंगवर होता. कार्बोरेटरवर माझा होता. वर हवा विरळ, तिथे पेट्रोल जास्त झालं की जुनी गाडी काळा धूर ओकते. म्हणून मी पेट्रोल सोडणारा मोठ्या भोकाचा जेट काढून बारीक भोकाचा बसवला, इंजिनला कान लावून स्क्रू फिरवत बसले. किल्ली घेताना तू एवढंच म्हणालास, "बघितलंस ना जरा?" मागच्या सीटवर थर्मास आणि उशी होती. मला 'चल' म्हणायला जागाच नव्हती.

जळले मी. अजून जळतेय.

मोठा जेट माझ्याकडेच आहे. खाली उतरल्यावर बारीक जेटमधून पेट्रोल कमी पडेल, गाडी धक्के देईल, तापेल, आणि तुला काही सुधरणार नाही. हे कळवायला हवं म्हणून लिहायला बसले. पण पाठवत नाही. गाडी कुरकुरली की तू बाबांना घेऊन थेट माझ्या गॅरेजात येशील.

त्यांच्यासाठी खुर्ची पुसून ठेवली आहे, मी बॉनेट उघडेन त्याच्या अगदी समोर.

गाडी बिघडली की आठवते ती,
तुझी धाकटी