रिकामा फ्लॅश

४ मार्च, सोमवार

आज सकाळी स्टुडिओ उघडण्याआधी फिल्मवाल्या शेठच्या दारात जाऊन उभा राहिलो. शटर अर्धंच वर होतं. वाकून आत गेलो आणि काळ्या-पांढऱ्याचे दोन रोल मागितले. त्याने भाव सांगितला. मला वाटलं, पाचाचा सांगतोय.

"एकाचा," तो म्हणाला. "कालपासून वाढलाय."

अंगाचा तिळपापड झाला. गेल्या वर्षात ही चौथी वाढ! तोंडाला येईल ते बोललो. तो शांतपणे काउंटर पुसत राहिला. "मी काय घरी बनवतो का फिल्म? घ्यायची तर घ्या. पुढच्या महिन्यात हा भावही मिळणार नाही."

शेजारी एक पोरगा उभा होता, गळ्यात कॅमेरा दागिन्यासारखा. भाव न विचारता चार रोल उचलले त्याने. मला म्हणतो, "काका, तुम्ही अजून फिल्मवर काढता? भारी!" तीस वर्षं काढतोय रे बाबा. भारी वगैरे काही नाही, पोट आहे. तुमच्या हौसेपायीच भाव चढलेत, एवढं त्याला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. रोल न घेताच परत आलो.

मी शिकत होतो तेव्हा या पैशात दहा रोल यायचे, वर शेठ एखादा तसाच हातावर ठेवायचा. गुरुजी — ज्यांनी हा धंदा शिकवला, ज्यांचा हा स्टुडिओ — एका रडक्या पोरापायी अख्खा रोल संपवायचे. छत्तीस वेळा खटका! शेवटी पोर हसायचं, आणि गुरुजी त्याच्याहून जास्त.

संध्याकाळी प्रार्थनेला बसलो. ओठांवर देवाचं नाव, डोक्यात फिल्मचा भाव. उठून गेलो.

५ मार्च, मंगळवार

बायको म्हणते, "अहो, फ्रिजमधल्या त्या लोण्याच्या कप्प्यात लोणी ठेवू की तुमचे रोल? देवासारखे जपताय. उघडायचे तरी कधी?"

तीन आहेत. शेवटचे तीन. गारव्यात फिल्म टिकते. उघडणार नाही. भाव असाच चढत राहिला तर सोनं आहे ते. आणि एकदा रोल कॅमेऱ्यात घातला की छत्तीस फोटो होईपर्यंत धुता येत नाही. अर्धवट धुतला तर उरलेला वाया. पासपोर्टचे फोटो त्या डिजिटलवर निघतात, त्यात काय जातंय.

आणि नेमका आजच शेजारचा टेलर वडिलांना घेऊन आला! गल्ली त्यांना दादाच म्हणते. घड्याळं दुरुस्त करायचे, आता नव्वदीला टेकलेत. "भाऊ, यांचा एक काढून ठेवा. आईचा गुरुजींनी काढला होता तसाच. तीच खुर्ची, तोच कॅमेरा, काळा-पांढरा. भिंतीवर आईशेजारी जागा ठेवलीय." मी म्हटलं, डिजिटलवर काढू, कुणाला कळणार आहे! "मला कळेल ना," म्हणाला. तेवढ्यात त्याच्या दुकानात गिऱ्हाईक आलं. दादांना खुर्चीत बसवून तो पळाला.

एका फोटोसाठी रोल उघडू? कालपासून डोकं तापलेलंच होतं. रिकाम्या कॅमेऱ्याने तीनदा फ्लॅश उडवला आणि म्हटलं, झालं दादा, उठा. दोन दिवसांनी सांगेन — डोळे मिटले, पुन्हा यावं लागेल. महिनाअखेरीला एका मोठ्या कुटुंबाचं काम आहे. तेव्हा रोल उघडेनच, त्यात दादांचाही उरकून टाकेन. कुणाचं काही जात नाही.

म्हातारा जाताना म्हणाला, "छान दिवा उडाला हो!"

८ मार्च, शुक्रवार

शेठचा निरोप: "दोन रोल बाजूला ठेवलेत, नेताय का?" म्हटलं, डोक्यावर घेऊन नाच त्यांना. टेलरला डोळे मिटल्याचं सांगायचं राहिलंच.

११ मार्च, सोमवार

दादा गेले. पहाटे, झोपेतच.

१२ मार्च, मंगळवार

काल त्यांच्या घरी जाऊन आलो. गल्लीतली झाडून सगळी माणसं होती. टेलरची बहीण सांगत होती, पाच दिवस दादांनी दुसरा विषयच काढला नाही. दूधवाल्यालासुद्धा सांगितलं, "माझा फोटो काढलाय, हिच्या शेजारी लावणार आहेत." तिने मला नवा कोट दाखवला, घडी घालून ठेवलेला. फोटोसाठी म्हणून टेलरने दोन रात्री जागून शिवला होता. "यात रुबाबदार दिसले असतील ना?" मी मान डोलावली.

दादांनी कोट घातला होता?

टेलर निघताना दारापर्यंत आला. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "देवानेच बुद्धी दिली म्हणायची, वेळेत काढून घेतला. घाई नाही भाऊ. तुमच्या सवडीने द्या."

१३ मार्च, बुधवार

प्रार्थनेला बसलो नाही.

१५ मार्च, शुक्रवार

टेलर आला. बरोबर फोटोची चौकट, मापाने आईच्या चौकटीसारखीच. सुताराकडून मुद्दाम करून घेतलेली. माझ्या टेबलावर ठेवली.

माझ्या तोंडून निघालं, "फिल्म खराब निघाली. काहीच उमटलं नाही. हल्लीच्या मालाचा भरवसा नाही. भाव दुप्पट आणि आत कचरा!" बोलता बोलता मला खरंच राग आला. कुणावर, कोण जाणे. हातवारे करून बोललो. एवढं खोटं इतक्या सहज!

तो खाली बसला, गिऱ्हाइकांच्या बाकावर. मग माझीच समजूत घालायला लागला. "जाऊ द्या भाऊ. तुमचा काय दोष? तुम्ही तर मनापासूनच काढला असेल."

चौकट इथेच राहिली. टेबलावर पालथी करून ठेवलीय.

१६ मार्च, शनिवार

टेलरने माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेचा तुटलेला पट्टा शिवून पाठवला. पैसे घेतले नाहीत.

१९ मार्च, मंगळवार

आज कहर झाला. टेलर शेठच्या दुकानात जाऊन भांडून आला! चार गिऱ्हाइकांसमोर म्हणे त्याने शेठला चोर म्हटलं. "तुझ्या सडक्या मालापायी माझ्या बापाचा फोटो गेला. भाऊसारख्या माणसाला तोंड लपवावं लागतंय." जन्मात कुणाशी आवाज चढवून न बोललेला माणूस.

दुपारी शेठचा फोन आला. मला वाटलं आता आई-बाप काढणार. पण आवाज खालचा होता. "तुम्ही माझ्याकडून रोल नेऊन चार महिने झाले. चार तारखेला आलात तेही बोलून गेलात, रोल न घेता. तो सडका माल नक्की कुठला होता?"

मी फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"मी त्याला हे बोललो नाही. बाप गेलाय त्याचा. ऐकून घेतलं. पण मला चोर म्हटलं गेलंय, गिऱ्हाइकांसमोर. तेवढं तुमचं तुम्ही बघा." ठेवून दिला.

ज्याला मी पंधरा दिवस शिव्या घालतोय तो मला पाठीशी घालतो! याचा जास्त संताप येतो. भांडला असता तर बरं झालं असतं. मीही भांडलो असतो.

२० मार्च, बुधवार

गुरुजींची एक गोष्ट लिहून ठेवतो. एका लग्नात माझा रोल संपला होता. नवरीची आत्या फोटो काढ म्हणून मागे लागली, तर मी नुसताच फ्लॅश उडवला. सगळेच फोटोवाले तेव्हा करायचे. माणूस खूश, फिल्म शिल्लक. गुरुजींनी लांबून पाहिलं. दुसऱ्या दिवशी हातात भरलेला कॅमेरा दिला, सायकल दिली. "त्या बाईंच्या घरी जा. काय केलंस ते आधी सांग. मग फोटो काढ." नऊ मैल! बाई आधी रागावल्या, मग पदर सावरून उंबऱ्यात बसल्या. परत आलो तेव्हा गुरुजी एवढंच म्हणाले, "माणूस आपल्यासमोर श्वास धरून बसतो रे. तो फुकट घालवायचा नाही."

तेव्हा फिल्म स्वस्त होती. प्रामाणिकपणाही परवडत होता — असं लिहिणार होतो. पण नऊ मैल सायकल तेव्हाही दमवायचीच.

आणि आता कुठल्या उंबऱ्यात जाऊन फोटो काढू?

२४ मार्च, रविवार

तीनदा टेलरच्या दुकानापर्यंत गेलो. एकदा गुंडी लावून आणली. एकदा दोऱ्याचं रीळ घेतलं. तिसऱ्यांदा त्यानेच विचारलं, "भाऊ, बरं नाही का? वाळलात." स्वतःच्या डब्यातलं अर्धं माझ्यापुढे सरकवलं. जीभ रेटेना. जेवून आलो, निर्लज्ज!

बायकोला सगळं सांगितलं. ती ताटावरून उठली. मग फ्रिज उघडून ते तीन रोल काढले आणि माझ्यासमोर ताटाशेजारी ठेवले. "हे इथून हलवा आधी," एवढंच.

२५ मार्च, सोमवार

पहाटे प्रार्थनेला बसलो. माफी मागायला तोंड उघडलं आणि वाटलं, ज्याची मागायची तो भिंतीपलीकडे मशीन चालवतोय. देवाला मध्ये कशाला घ्यायचं?

उद्या.

२६ मार्च, मंगळवार

सांगितलं. आधी शेठकडे जाऊन सांगितलं, मग टेलरकडे. उभ्यानेच. कॅमेरा रिकामा होता. शेठचा माल चांगला होता. घरी तीन रोल होते. महागाईचं नाव काढलं नाही.

मशीनवरचा त्याचा पाय थांबला. हातातलं कापड त्याने सारखं केलं. मग म्हणाला, "बरं. फोटो नाही. पण काचेतून तुम्ही बघितलं असेल ना? मी तर दुकानात होतो. कसे दिसत होते दादा? हसत होते का?"

म्हणालो, बघितलं नाही. आत फिल्म नव्हती, म्हणून.

"बघायला फिल्म लागते, भाऊ?"

त्याने मशीन सुरू केलं.