मास्तरांचा मुलगा लिहून ठेवतो

मी, खाली सही करणारा, वय सत्तर पूर्ण, धंदा बेकरी, राहणार बेकरीच्याच वरच्या मजल्यावर, आज सकाळी पोटभर नाश्ता करून, चष्मा पुसून, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो ते असे.

वकिलांनी 'धाक' खोडून 'दबाव' लिहायला सांगितले होते. मी ऐकले नाही. दबाव म्हणजे काय ते मला नीट माहीत नाही, धाक मात्र चांगला माहीत आहे. डॉक्टरांनी कालच तपासून सांगितले की हृदय थोडे कुरकुर करते, पण डोके ठणठणीत आहे. पत्नी म्हणाली, "जीभ पण तपासा, तीही ठणठणीतच निघेल." याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे पहिले आणि बहुधा शेवटचे.

१. बेकरीची इमारत, वरचे राहते घर, घरातील सर्व सामान आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या पत्नीला पूर्ण मालकी हक्काने मिळावे. तिने ते विकावे, भाड्याने द्यावे किंवा गच्चीवर मोर पाळावेत, तिला कोणीही जाब विचारू नये. आमच्या लग्नात तिच्या माहेरच्यांनी विचारले होते, "मुलगा मास्तरांचा असून नववीत कसा राहिला?" तिने त्यांना उत्तर दिले होते, "नववीत राहू दे, माझ्याजवळ राहिला म्हणजे झालं." त्या एका वाक्याची परतफेड अजून झालेली नाही.

२. बेकरीचा धंदा, भट्टी, पीठ मळायचे यंत्र, सगळे साचे, पाटे आणि दुकानाचे नाव हे भट्टीवालीला द्यावे. जागेचे भाडे तिने माझ्या पत्नीला द्यावे. किती, ते दोघींनी आपापसांत ठरवावे. दोघी घासाघीस करण्यात पटाईत आहेत, मला त्यात ओढू नये.

भट्टीवाली माझी नात्याने कोणी नाही. नववीत दोनदा नापास होऊन ती काम मागायला आली, तेव्हा मी विचारले, "काय म्हणायचं तुला?"

"शाळेत भोपळा म्हणतात. गणितात तेवढाच मिळायचा."

मी म्हणालो, "इथे भोपळा खपत नाही. इथे पाव खपतो."

ती हसली नाही. पुढे कित्येक दिवस, मी मोठ्याने हाक मारली की तिचे खांदे कानापर्यंत जायचे. मला ते खांदे ओळखीचे होते. म्हणून मी बेकरीत एक रीत पाडली. कोणाचे काही चुकले, तर त्याला पिठाच्या कोठीत नेऊन, दार लोटून, जे बोलायचे ते बोलायचे. शाबासकी मात्र दुकानात, गिऱ्हाइकांदेखत द्यायची. सुरुवातीला कामगारांना वाटे मालकाचा स्क्रू ढिला आहे. पण तिचे खांदे हळूहळू खाली आले. आज ती मलाच कोठीत बोलावते. गेल्या महिन्यात तीन वेळा बोलावले, आणि तिन्ही वेळा चूक माझीच होती. धंदा तिच्या हाती सुखरूप राहील याविषयी मला शंका नाही.

येथे मोबाइलचे दुकान काढावे, असे माझ्या भाच्याने मला वारंवार सुचवले. "मामा, त्या भट्टीत काय ठेवलंय?" असे तो विचारत असे. त्याला जुन्या भट्टीचे लोखंडी दार द्यावे. त्याने ते स्वतः उघडून पाहावे.

३. आता वडिलोपार्जित घर. त्यात निम्मा हिस्सा ताईचा आणि निम्मा माझा. माझ्या हिश्श्याचे काय करायचे हे सांगण्याआधी मला थोडे मागे जावे लागेल. वकील म्हणाले, मृत्युपत्रात इतिहास लिहीत नाहीत. मी म्हणालो, मग आमच्याकडे वाटायला फारसे काही उरत नाही.

माझे वडील गावच्या हायस्कुलात गणित शिकवत. पाचवीत गेलो तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी बजावले, "शाळेत मला सर म्हणायचं. तिथे मी तुझा बाबा नाही." घरी बाबा म्हणायची मुभा होती. पण जिभेला वळण लागले ते लागलेच. एकदा जेवताना मी म्हणून गेलो, "सर, मीठ द्या." आई हसली. ते हसले नाहीत आणि त्यांनी मला दुरुस्तही केले नाही. मीठ पुढे सरकवले. त्या दिवसापासून ते घरातही सरच झाले.

इतर मुलांना घरी गेले की शाळा सुटायची, माझी सुटत नसे. दुसऱ्याने गणित सोडवले तर "वा!", मी सोडवले तर "पुढचं." मार द्यायचा झाला तर सुरुवात माझ्यापासून, म्हणजे बाकीच्यांना बोलायला तोंड उरत नसे. मला गणित मनापासून आवडायचे, हे येथे नोंदवून ठेवतो.

नववीच्या वार्षिक परीक्षेआधी गणिताचा पेपर फुटला. पेपर वडिलांनी काढलेला, घरच्या कपाटात ठेवलेला. संशय कोणावर जाणार? सकाळच्या प्रार्थनेनंतर त्यांनी मला सगळ्या शाळेसमोर व्यासपीठावर बोलावले.

"पेपर तू फोडलास?"

"नाही, सर."

"कपाटाची किल्ली कुठे असते, तुला माहीत आहे?"

"हो, सर."

"बस."

चौकशी एवढीच झाली. गणितात शून्य आणि पुढचे वर्ष पुन्हा नववीत, असे त्यांनी तिथेच जाहीर केले. मुख्याध्यापक मध्ये पडले, "अहो, जरा थांबा, नीट विचारपूस करू." वडील म्हणाले, "माझ्या मुलासाठी थांबलो, तर उद्या दुसऱ्याच्या मुलासाठी घाई कोणत्या तोंडाने करू?" त्यावर टाळ्या वाजल्या. शिक्षक वाजवू लागले, मग मुलेही वाजवू लागली. मी व्यासपीठावरच उभा होतो. खाली उतरायचे की नाही हे मला कोणी सांगितले नव्हते.

सुट्टीत छापखान्यातला एक कामगार दुसऱ्या शाळेचा पेपर विकताना सापडला. आमचाही पेपर त्यानेच विकला होता, हे त्याने कबूल केले. मुख्याध्यापक ते सांगायला घरी आले. मी आतल्या खोलीत होतो, शब्दन् शब्द ऐकला. ते गेल्यावर मी वाट पाहिली. आता हाक येईल, आता येईल. जेवणे झाली. दिवे गेले, आले. सुट्टी संपली. शाळा उघडली, प्रार्थना झाली, सूचना झाल्या. वडील काहीच बोलले नाहीत. मधल्या सुट्टीत मी दप्तर बाकावर ठेवले, फाटकाबाहेर पडलो आणि कोपऱ्यावरच्या बेकरीत काम मागितले. बेकरीच का? तर ते जागे असताना मी झोपलेला असेन आणि ते झोपल्यावर मी जागा. एका घरात राहूनही गाठ पडायची नाही.

ते मला परत न्यायला आले नाहीत. त्यांनी घरातला पाव मात्र दुसऱ्या दुकानातून आणायला सुरुवात केली.

पुढे त्या गोष्टीची आख्यायिका झाली. 'स्वतःच्या मुलालाही सोडलं नाही.' त्यांच्या निवृत्तीच्या सत्कारात झाडून प्रत्येक वक्त्याने ती सांगितली. तोवर ती कोपऱ्यावरची बेकरी माझी झाली होती आणि बिस्किटे तिथूनच गेली होती, म्हणून मी मागे उभा होतो. गिऱ्हाइके पाव घेता घेता म्हणत, "तुमचे वडील म्हणजे साक्षात न्याय." मी म्हणे, "गरम आहे, पिशवी जपून धरा."

आई गेल्यावर आणि वडिलांच्या आठवणीचे धागे उसवू लागल्यावर माझ्या पत्नीने त्यांना आमच्याकडे आणले. मी नको म्हणालो होतो. ती म्हणाली, "तुम्हाला बोलायचं नसेल तर नका बोलू. मी बोलेन." एका दुपारी मी त्यांच्यासाठी मऊ पाव घेऊन वर गेलो. त्यांनी मला खुर्ची दाखवली.

"या, बसा. पालक ना तुम्ही? कोणत्या वर्गात आहे तुमचा?"

मी म्हणालो, "नववीत."

"नववीत माझाही आहे." ते पुढे झुकले, आवाज खाली आणला. "हुशार आहे. माझ्यापेक्षा हुशार. पण मी बोलून दाखवत नाही. लोक लगेच म्हणतात, मास्तर आपल्या पोराला चढवतात."

"लोकांना नाही, निदान त्याला तरी सांगायचं."

ते चादरीची कड बोटांनी सरळ करत बसले. मग म्हणाले, "त्यानं पेपर फोडला नव्हता हो. मला नंतर कळलं. पण तोवर टाळ्या वाजून गेल्या होत्या. वाजलेल्या टाळ्या परत कशा करायच्या? मी भित्रा निघालो."

दारात पत्नी औषध घेऊन उभी होती.

"तुमच्या मुलाच्या वर्गात आहे ना तो?" वडिलांनी विचारले. "मग एवढा निरोप द्या. म्हणावं, शाळा राहू दे. तू घरी ये."

मी म्हणालो, "सांगतो, बाबा."

मी 'बाबा' म्हटले, हे त्यांच्या लक्षात आले नाही. त्यांनी पावाचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "ताजा आहे." माझ्या कामाची त्यांनी केलेली ही पहिली तारीफ, आणि तीही साक्षीदारासमोर. छातीवर इतकी वर्षे ठेवलेली धोंड कोणीतरी उचलून बाजूला ठेवावी तसे झाले. त्यानंतर ते हिवाळाभर होते. रोज एक तरी पाव मी स्वतः वर नेला.

४. ताईची इच्छा आहे की त्या घरात मुलांसाठी अभ्यासिका व्हावी आणि दारावर वडिलांच्या नावाची पाटी लागावी. पाटीवर 'न्यायनिष्ठ' लिहायचे तिच्या मनात होते. मी टाळत आलो होतो. गेल्या महिन्यात शेवटी तिला म्हणालो, "ताई, तो शब्द नको," आणि सगळे सांगितले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "छापखान्याचं बाबांना कळलं होतं, हे आईनं जाताना सांगितलं होतं मला. वाटलं, तुला ठाऊक नसेल, तर कशाला उकरून काढा."

"मला वाटलं तुला ठाऊक नाही. म्हणून मी गप्प."

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. एकच गोष्ट दोन म्हातारी माणसे एकमेकांपासून जपत बसली होती! आधी ताईला हसू फुटले, मग मला. हसता हसता तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "नुसतं 'गणिताचे शिक्षक' लिहू. ते तर खरं आहे ना?" खरे आहे. शिकवीत उत्तम.

म्हणून माझा निम्मा हिस्सा मी अभ्यासिकेसाठी देतो. अट एकच. तेथे कोणत्याही मुलाला चारचौघांत बोल लावू नये. बोलायचेच असेल तर मागची खोली आहे, तिला दार आहे.

५. छापखान्यातील तो कामगार सुधारला. पुढे त्याने स्वतःचा छापखाना काढला आणि आमच्या पावाचे कागद तोच छापतो. त्याला मी पूर्ण माफ केले आहे. मात्र इतक्या वर्षांत त्याने दरात कधी सवलत दिली नाही, ते माफ केलेले नाही.

६. माझ्या मुलीसाठी मी वस्तू ठेवलेली नाही. तिच्या आईच्या पश्चात सगळे तिचेच आहे. तिच्याविषयी फक्त एक हकीकत लिहून ठेवायची आहे.

मुलगी शिक्षिका आहे, आजोबांवर गेली. यंदा माझी नात तिच्याच वर्गात आली. पहिल्या आठवड्यात पोरगी घरी येऊन म्हणाली, "मॅडम, भूक लागली." सगळे हसले. माझ्या हातातला घास हातातच राहिला. मी मुलीला खाली पिठाच्या कोठीत नेले, दार लोटले आणि व्यासपीठापासून निरोपापर्यंत सगळे तिला सांगितले. तिला तोवर फक्त आख्यायिका माहीत होती. ती म्हणाली, "बाबा, मी तशी नाही."

"तेही तसे नव्हते गं. लोक बघत होते, म्हणून झाले."

दुसऱ्या दिवशी तिने मुख्याध्यापिकांकडे मुलीची तुकडी बदलून मागितली. त्या म्हणाल्या, "लोक काय म्हणतील? बाईंना स्वतःची मुलगी शिकवता येत नाही?"

"म्हणू देत," माझी मुलगी म्हणाली. "मला घरी आई व्हायचंय."

परवा संध्याकाळी नात दप्तर आपटत आली. नव्या बाईंनी तिला विनाकारण वर्गाबाहेर उभे केले, अशी तक्रार होती. कारण असणार, हे नातीच्या तोंडावर स्वच्छ लिहिले होते. पण माझ्या मुलीने काही विचारले नाही, की दुसरी बाजू ऐकून घेतली नाही. तिला जवळ ओढून म्हणाली, "हो का? काय बाई तरी! माझ्या सोन्याला उभं केलं?" चौकशी नाही, पुरावा नाही, सरळ पक्षपात. नात आईच्या कुशीत शिरून शाळेतल्या सगळ्या मोठ्या माणसांविरुद्ध बोलत सुटली आणि आई प्रत्येक वाक्याला "हो ना" म्हणत राहिली.

मी शेजारच्या खोलीत बसून ऐकत होतो. इतका उघड अन्याय मी जन्मात पाहिला नव्हता. फार बरे वाटले. माझे सगळे वाटून झाले.

हे मृत्युपत्र मी स्वतः लिहिले, वाचून पाहिले आणि त्यातला एकही शब्द मागे घ्यावासा वाटला नाही.

ठिकाण : बेकरीच्या वरची खोली, खिडकीजवळचे टेबल
दिनांक : १२ मार्च, सकाळी

(सही) मास्तरांचा मुलगा, बेकरीवाला

साक्षीदार :
(सही) आमचे डॉक्टर. शुद्धीची खात्री केली. जिभेचीही.
(सही) शेजारचा शिंपी. सर्व माझ्यासमोर झाले. गणितात मीही मास्तरांचाच विद्यार्थी. त्या सकाळी मी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, एवढे येथे लिहू द्यावे अशी विनंती केली, आणि ती मान्य झाली.