पाचशे मीटर खालचा आकडा

३ मार्च, सकाळी ६.४०
जहाजावर दुसरा दिवस. संकल्प दोन. चहा दिवसाला चारच. आणि बाईंशी वाद घालायचा नाही. बाई म्हणजे माझ्या ज्युनिअर. हुशार आहेत, पण शंकेखोर.
काम तसं सोपं. जहाजातून खाली आवाज सोडायचा. माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवर आपटून तो परत येतो, त्यावरून खाली मासे किती ते काढायचं. बावीस वर्षं हेच करतोय. सगळं स्क्रीनवरच दिसतं, पण कान तयार लागतो.

४ मार्च, दुपारी
सापडलं. पाचशे मीटरवर जाड लाल पट्टा, मैलोन् मैल. अंदाज : एकवीस लाख टन मासे. चहा सात झाले. आजचा दिवस धरायचा नाही.
बाई म्हणाल्या, जाळं टाकून खात्री करू या. मी समजावलं की त्यात चार तास जातात, शिवाय खोलातले मासे जाळ्याला चुकवतात. हा वाद नव्हे. मार्गदर्शन.

४ मार्च, ५.१५
डायरेक्टरांना आकडा मेल केला. कप्तानाने सहज विचारलं, त्यालाही सांगितला. त्याच्या धाकट्या भावाची मासेमारीची बोट आहे, वर सहा माणसं. इतक्या लांब तो कधी आलेला नाही म्हणे. मी म्हटलं, डोळे मिटून बोलवा.

५ मार्च
डायरेक्टरांचं उत्तर नाही. मेल अकरा वेळा उघडलं. डेकवर फेऱ्या.
हिचा फोन आला. हिलाही आकडा सांगितला. छान म्हणाली, आणि गीझरवाल्याचा नंबर कुठे ठेवलाय ते विचारलं. घरात विज्ञानाची कदर नाही.

६ मार्च, सकाळी ११
बाईंनी चौथ्यांदा विचारलं. एकदाचं समाधान होऊ दे म्हणून जाळं टाकू दिलं.

६ मार्च, ३.३०
अकरा मासे. बोटाएवढे. बाकी सगळी पारदर्शक बुळबुळ. बाई म्हणतात, ही जेलीफिशची भावंडं. यांच्याही अंगात हवेचा फुगा असतो, त्यामुळे प्रतिध्वनी माशासारखाच येतो.
जाळं फाटकं असणार. पुन्हा टाकायला लावलं.

६ मार्च, ७.५०
जाळं फाटकं नव्हतं. मासे नऊ.

७ मार्च, सकाळी
वादळाचा इशारा आलाय. कप्तानाच्या भावाची बोट डोळ्यांसमोरून हलत नाही. सहा माणसं, आणि कशासाठी, तर बुळबुळीसाठी.
डायरेक्टरांना मेल लिहिलं. आधी 'तांत्रिक कारणांमुळे' असं लिहिलं होतं. ते खोडलं. आकडा चुकला, चूक माझी, एवढंच ठेवून पाठवलं. मग कप्तानाकडे गेलो. म्हटलं, भावाला आत्ताच्या आत्ता परत फिरायला सांगा, खाली मासे नाहीत.
तो दुर्बिणीची काच पुसत होता. म्हणाला, "तो घरीच आहे, साहेब. मी बाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, जाळं टाकेपर्यंत थांबा."
हायसं वाटलं. खरंच वाटलं. तिथे उभं राहवेना, आणि केबिनमध्ये जाऊन तरी काय करणार.
माझ्या शब्दावर एक माणूससुद्धा जागचा हलला नव्हता.