वखराची पास

कवठपिंप्री, तालुका हिंगणघाट
मंगळवार, २१ मे १९५७

श्रावणदादास,

कोकिळेचा जयभीम. गंगावहिनीला नमस्कार. लेकरांच्या पाठीवरून माझा हात फिरव.

पौषातल्या भांडणानंतर तू लिहिलं नाहीस, मीही नाही. आज लिहिते आहे ती नुसती बहीण म्हणून नाही. गिरणीच्या लोहारखात्यात ऐरणीपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला लिहिते आहे. चंपत लोहाराच्या बापानं तुला लहानपणी भात्याला हात लावू दिला नव्हता. शाळेत मला पाणी लांबून, वरून ओतत. तुझं नि माझं कितीही बिनसलेलं असलं तरी गाऱ्हाणं एकच आहे. या गावाला आपले हात हवे होते, आपला स्पर्श नको होता.

आता इकडचं. ऊन फार आहे. वेणा नदीत डोहापुरतं पाणी उरलं आहे. शाळेला सुटी, म्हणून मी घरीच असते. बाची प्रकृती बरी आहे. म्हणजे हिंडतो फिरतो. जेवण कमी झालं आहे आणि जेवतो तेही अंगणात लिंबाखाली बसून. घरात फारसा येत नाही. उन्हाळ्यामुळे असेल.

वखरणीचं मात्र वाईट चाललं आहे. मेलेली ढोरं ओढणार नाही असा ठराव वस्तीनं केला, त्याला पाटलानं तोंडानं काही उत्तर दिलं नाही. चंपतनं आपल्या वस्तीतल्या वखरांची पाती घेणं, पासा पाजवणं तेवढं बंद केलं. मी स्वतः त्याच्याकडे गेले. तो मान वर करेना.

"मी काऊन नाई म्हनन, बाई?" म्हणाला. "पन तुमची पास भट्टीत घातली, का पाटील माह्या कोळशाची गाडी बंद करीन. मंग मी का तुमच्या ठरावावर भाकर भाजू?"

त्याच्यावर रागावण्याइतकीही ताकद मला आणता आली नाही. आपल्यासारखाच तोही दुसऱ्याच्या विस्तवावर जगतो.

सुरुवातीला आम्ही पासा बैलगाडीत घालून हिंगणघाटला नेल्या. पण उन्हाळ्यातली काळी माती तुला माहीत आहे. दोनचार दिवस वखर चालला की धार गेली. मग पुन्हा गाडी, पुन्हा तेवढी वाट, बैलांचे हाल वेगळे. शेवटी लोकांनी बोथट पासांवरच वखर हाकले. कुंद्याच्या तणाच्या मुळ्या तुटत नाहीत, वखर वरच्यावर तरंगत जातो. धुरपता बांधावर उभी राहून म्हणाली, "काय गा, वखर वावरात चालून राह्यला का वरातीत?" सगळे हसले. हसून पुन्हा वखराच्या रुमण्याची मूठ धरली. तिच्या स्वतःच्या वावरात तेवढंही होत नव्हतं. नवरा गेल्यापासून तिच्याकडे बैल नाहीत, माणूस नाही, आणि बाईनं रुमणं धरलं तर पाऊस रुसतो असं आपलीच माणसं अजून मानतात. मी त्यावरही बोलले. माना हलल्या, कुणी उठलं नाही.

दादा, मी थकले आहे. बोलण्यानं घसा दुखतो, त्याचं काही नाही. बोलणं संपल्यावर माणसं माझ्याकडे बघत बसतात, त्यानं थकते. जणू माझ्या पदराखाली भट्टी लपवलेली आहे आणि आता मी ती काढणार आहे.

तू निघताना म्हणाला होतास, "कोकिळे, भाषनानं पास पाजवत नाई. लोहारानं दार लावलं तं का तुह्या जिभेवर घासू?" मी तुला गिरणीच्या पगारावर बसून गावाला शहाणपण शिकवणारा म्हटलं आणि तू न जेवता मोटारीला गेलास. तेव्हापासून रोज या वाक्यांशी भांडते आहे. ठराव चुकलेला नव्हता. आजही मी तोच मांडीन, तितक्याच मोठ्या आवाजात. पण तुझा प्रश्नही चुकलेला नव्हता. स्वाभिमानाच्या लढायांबद्दल मी पुष्कळ वाचलं आहे. लढाई चालू असताना वखराला धार कुणी लावली, ते कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

हे सगळं लिहिते आहे आणि लिहायचं ते टाळते आहे. आता लिहिते.

गेल्या शुक्रवारी पाटलाचा हौश्या बैल गोठ्यात मेला. ओढायला कुणी गेलं नाही. शनिवारी दुपारी वास सुटला, आणि संध्याकाळपर्यंत गोठा रिकामा झाला. वस्तीत जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघू लागला. रविवारी बा वखर घेऊन धुरपताच्या वावरात उतरला. मी बांधावरून पाहिलं. पास मातीत पुरी शिरत होती. कुंदा मुळासकट वर येऊन उन्हात पडत होता. किती महिन्यांनी तसं पाहिलं. आधी आनंदच झाला, दादा. मग कळलं.

तो पाणी प्यायला बांधावर आला तेव्हा मी विचारलं, "बा, पास कोनं पाजवली?"

"चंपतनं."

"काऊन पाजवली?"

त्यानं टॉवेलानं तोंड पुसलं. "हौश्या माह्या हातचा होता, पोरी. पाटलाकडं सालदार होतो तवा त्याले वासराचा बैल म्या केला. दिसभर फुगत पडला होता."

"म्हनजे बैलासाठी ओढला, का पासेसाठी?"

"ते नको विचारू मले. मलेच ठाव नाई."

मग म्हणाला, "तू बोलत राय. तुह्यं बोलनं बरोबर हाय. माह्यानं पेललं नाई, एवढंच."

त्यानं धुरपताचं वावर पुरं केलं. मग पास वखरातून उतरवली आणि लिंबाच्या बुंध्याशी उभी करून ठेवली. आपल्या वावरात ती नेलीच नाही. आपलं वावर तसंच पडलं आहे आणि रोहिण्या दारात आहेत.

वर लिहिलं की तो अंगणात जेवतो, त्याचं कारण ऊन नाही. ठरावात एक कलम होतं की जो ढोर ओढील त्याचं पाणी वस्तीनं बंद करावं. ते कलम मीच घालायला लावलं होतं. बानं ते कुणी सांगायची वाट पाहिली नाही. रविवारपासून तो घरातल्या माठाला हात लावत नाही. डोहावर जाऊन पाणी पितो. मी ताट नेते, ते जमिनीवर ठेवायला लावतो, माझ्या हातून घेत नाही. काल मी तिथेच बसून रडले, तर म्हणाला, "ठराव सगळ्यायले सारखा, बाई." ज्या गावानं आपल्याला वरून पाणी ओतलं, त्याच गावात माझा बाप आता माझ्यापासून लांब बसून जेवतो, आणि माझ्या शब्दाला मान देतो आहे असं त्याला वाटतं.

येत्या रविवारी दुपारी वस्तीतल्या आनंदाबाईनं लिंबाखालीच बैठक बोलावली आहे. बैल कुणी ओढला ते त्या दिवशी विचारणार. लोकांचा संशय भलत्यांवर आहे आणि मी बोलावं असा सगळ्यांचा आग्रह आहे. मी बोलणार आहे. उभी राहून सांगणार की माझ्या बापानं ओढला. लपवणार नाही. लपवलं तर ठराव मेला, आणि न ओढणाऱ्या दुसऱ्याच कुणाचं तरी पाणी बंद होईल. कलम मागं घ्या असंही सांगणार. पण नुसतं एवढं बोलून बसले तर लोक पुन्हा माझ्याकडे बघत राहतील. पुढच्या बैलाला दुसरा कुणाचा बाप जाईल.

म्हणून दादा, येत्या रविवारी गिरणीला सुटी असेलच, पहिल्या मोटारीनं ये. माझ्यावरचा राग सोडून ये असं म्हणत नाही. राग घेऊन ये, पण बरोबर भाता, ऐरण आणि हातोडा आण. कोळशाची सोय मी केली आहे, बाभळीचा आहे. बैठक भरायच्या आधी लिंबाखाली भट्टी पेटव. आणि दुसऱ्या कुणाच्याही पासेला हात लावायच्या आधी बुंध्याशी टेकलेली ती पास विस्तवात घाल. तिच्यावर चंपतनं लावलेली धार मोड आणि तुझी लाव. भाता बाला ओढायला सांग. तुझ्या हातचं पाणी मागितल्याशिवाय तो राहणार नाही, विस्तवापुढे तहान लागतेच.

मी मोटारीच्या थांब्यावर उभी असेन.

तुझी बहीण, सोनबाची लेक,
कोकिळा