रोज एक चूक

प्रिय सुजित,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू दचकला असशील. साडेचार वर्षांनी पत्र, तेही स्पीडपोस्टने. मेसेज केला असता तर वरच्या दोन ओळी वाचून तू पुढे गेला असतास, तुझी सवय मला ठाऊक आहे. रावेतच्या फ्लॅटचा पत्ता आपल्या घरमालक दत्तोबांनी दिला. वास्तुशांतीची पत्रिका त्यांना धाडलीस, मला विसरलास, असो. दत्तोबा अजून आपल्या त्या खोल्यांपुढे खाट टाकून बसतात आणि नव्या भाडेकरूंना तुझा दाखला देतात, "हितनं एक इंजिनेर होऊन गेलाय, व्हय." मी समोरून डबा घेऊन जात असतो, पण माझा दाखला कुणाला देत नाहीत. अजून कुरुळीतच राहणाऱ्याचा काय दाखला द्यायचा!

मी बरा आहे. तीच कंपनी, तोच प्रेस शॉप, तेच तपासणीचं टेबल. शिफ्टला दोन हजार ब्रॅकेट माझ्या हाताखालून जातात. करिष्मा आणि दिव्या आता इथेच असतात. दिव्या बालवाडीत जाते आणि बाईंच्या चुका काढते, असं बाई सांगत होत्या. गुण कुणाचा ते विचारू नकोस.

तो अर्ज तुला आठवतो का? नसेल आठवत. कंपनीच्या ट्रेनिंग रूमला ट्रेनर हवा होता, नव्या पोरांना माल तपासायला शिकवणारा. कायम जनरल शिफ्ट. दिव्या तेव्हा तीन महिन्यांची होती. माझी शिफ्ट दर आठवड्याला बदलायची, मग तान्ही पोर घेऊन करिष्मा परक्या गावात एकटी कशी राहणार, म्हणून दोघी उदगीरला होत्या. ती जागा मिळाली असती तर महिन्याभरात त्यांना घेऊन आलो असतो. अर्ज इंग्रजीत हवा होता. तीन रविवार खपून मी तो लिहिला आणि आपण एका खोलीत राहतो, तू डिप्लोमावाला आहेस, म्हणून तुझ्या हातात दिला. तू लाल पेनने तेवीस गोल काढलेस. त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, त्यासाठीच तर दिला होता. पण तू त्याचा फोटो काढून शिफ्टच्या ग्रुपवर टाकलास आणि खाली लिहिलंस, "ट्रेनर साहेबांचा अर्ज". शहाऐंशी माणसं होती त्या ग्रुपवर. आठवडाभर कॅन्टीनमध्ये जो तो मला विचारत होता, "काय राव साहेब, वडापावचं स्पेलिंग काय?" तू म्हणालास, अरे गंमत केली, एवढं काय मनाला लावून घेतोस.

हसतील त्याचे दात दिसतील, म्हणून सोडून द्यायला हवं होतं. मी काय केलं, तर मुलाखतीच्या आदल्या दिवशी ऑफिसात जाऊन अर्ज परत घेतला. करिष्माला सांगितलं, जागाच रद्द झाली. पुढची अडीच वर्षं त्या दोघी तिकडेच राहिल्या. मी सुट्टीला गेलो की दिव्या मला बघून आईच्या मागे लपायची, आणि ओळख होईतो माझी सुट्टी संपलेली असायची. हे मी तुला कधी बोललो नाही. तूही तोवर नोकरी बदलून गेला होतास.

गेल्या वर्षी आमच्या क्वालिटीच्या मिनल मॅडमनी एक फुकटचं सॉफ्टवेअर बसवलं. मापं घ्यायचा कुठला गेज कधी तपासायला पाठवायचा, ते सांगणारं. नाव 'मोजपट्टी'. मॅडम म्हणाल्या, गेज तू हाताळतोस, तर याचं माहितीपुस्तक तूच वाच. पहिलंच पान उघडलं आणि खाली बनवणारा म्हणून तुझं नाव. खोटं कशाला सांगू, आधी छाती अभिमानाने फुगली. मग नजर वर गेली.

मला इंग्रजी येत नाही हे तू जगजाहीर केलंच आहेस. पण रिजेक्शन पकडता येतं. टेबलावर आम्ही मास्टर पीस ठेवतो, मंजूर झालेला नमुना, आणि हातातला तुकडा त्याच्याशी ताडून बघतो. तुझ्या पुस्तकात एक शब्द चाळीस ठिकाणी एका तऱ्हेने लिहिलेला आणि एकेचाळिसाव्या ठिकाणी वेगळाच. डोळा आपोआप तिथे अडकला. शब्दकोश काढला, तो माझा मास्टर पीस. पहिल्या पानावर नऊ चुका निघाल्या. दिव्या झाली तेव्हा झाला होता तेवढा आनंद मला झाला.

मग शोधत गेलो तेव्हा कळलं, की हे असलं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं असतं. कुणीही दुरुस्ती सुचवावी, मालकाला ईमेल जातो, त्याने मान्य केली की सुचवणाऱ्याचं नाव कायमचं तिथे नोंदलं जातं. मी खातं उघडलं. सुजित, 'लिमिट सॅम्पल', म्हणजे जेमतेम पास होणारा नमुना, या नावाचा जो माणूस गेले अकरा महिने रोज एक चूक तुला दाखवतो, तो मी. शिफ्ट कुठलीही असो, कंपनीच्या बसमध्ये बसलो की पहिलं काम तेच. सगळ्या एकदम धाडता आल्या असत्या, पण मग तुला एकदाच लागलं असतं. मला ते रोज थोडं थोडं लागायला हवं होतं. तू विनंती केलीस, कृपया सगळ्या एकत्र द्या. मी कळवलं, सापडेल तशी देईन. मग तू चारचौघांत लिहिलंस, की काही लोक यादीत नाव यावं म्हणून एकेक अक्षर बदलत बसतात. त्या दिवशी मी दोन धाडल्या. पुढे वर्कशॉपवाले तुझ्या पुस्तकाचं कौतुक करू लागले, आणि तू मला 'सर' म्हणायला लागलास. तुझ्या चुका शोधता शोधता मला इंग्रजी वाचता यायला लागलं. हे उपकार मानतो, फेडायची घाई नाही.

गेल्या सोमवारी या सरांना, म्हणजे मला, तुझा लांबलचक निरोप आला. परदेशातली कंपनी तुला घ्यायला तयार आहे, पण तुझ्याबरोबर काम केलेल्या कुणाची तरी शिफारस हवी, आणि पुढच्या शुक्रवारी दुपारी बाराला मुदत संपते. एवढंच असतं तर मी कदाचित देऊन टाकली असती. पण पुढे तू लिहिलंस, की कमी शिकलेल्यांना तू फार सांभाळून घेतोस. कुरुळीत तुझा एक रूम पार्टनर होता, इंग्रजीत कच्चा, त्याला शेजारी बसवून तू अर्ज लिहून दिलास आणि आज तो ट्रेनर आहे. हे वाचून माझं डोकं फिरलं. घरी आल्यावर करिष्माला पहिल्यांदा सगळं खरं सांगितलं. ती तुझ्यावर नाही, माझ्यावर चिडली. "माघारी कशाला घेतलाव अर्ज? वाट मी बघत होते. ते शहाऐंशी जण बघत होते का?" चार दिवस ती माझ्याशी धड बोललेली नाही.

म्हणून हे पत्र. मी काही संत नाही, मला सूडच हवा आहे, आणि आता तुझा हात माझ्या दगडाखाली आहे. शिफारस लिहून तयार आहे. तू कष्टाळू आहेस, चूक दाखवली की त्याच दिवशी सुधारतोस, सगळं खरं लिहिलंय. शिफ्टचा तो ग्रुप अजून चालू आहे, तूही अजून त्यात आहेस. माझ्या अर्जाचं तू काय केलंस, ते तिथे मराठीत, स्वतःच्या नावाने लिही. माफी मागू नकोस, नुसतं काय केलंस ते लिही. शुक्रवारी माझी फर्स्ट शिफ्ट आहे. फोन मी घरी करिष्माजवळ ठेवून जाणार आहे. तुझं लिहिलेलं ती वाचेल, आणि तिला पटलं तर बाराच्या आत शिफारस धाडेल. कुठलं बटण दाबायचं ते मी तिला दाखवून ठेवलं आहे. काय वाचल्यावर दाबायचं, ते तिने मला सांगितलेलं नाही.

तुझाच,
समाधान